होमपेजवर आधी काय हवं?

तुमची अडचण मला कळली ती अशी: कारखान्यांतल्या पंपांची दुरुस्ती-देखभाल करता, होमपेजवर पाच चित्रांचा फिरता स्लायडर आहे, खाली संचालकांचं मनोगत आहे, लोक येतात पण चौकशी न करताच निघून जातात. आणि विचारताय की नवी थीम (वेबसाइटचा तयार साचा) कोणती घ्यावी. थीम शेवटी बघा. आधी सगळ्यात वरचा मजकूर बदला, कारण तिथे अजून ग्राहकाच्या कामाचं काहीच नाही.

‘उद्योगाच्या प्रगतीला विश्वासाची साथ’ हे तुमचं शीर्षक बँकेलाही चालेल आणि सिमेंटलाही. ज्या वाक्यावर स्पर्धकाचं नाव चिकटवलं तरी काही बिघडत नाही, ते काढून टाकावं. त्याऐवजी ‘कारखान्यांतल्या पंपांची दुरुस्ती आणि वार्षिक देखभाल’ एवढं सरळ लिहा. त्याखाली एक ओळ: कोणत्या प्रकारचे पंप, जागेवर येता की वर्कशॉपला आणावा लागतो, बिघाड कळवल्यावर माणूस किती वेळात पोचतो. (शेवटचं खरोखर पाळता येत असेल तरच.) पंप बंद पडून उत्पादनाची लाइन थांबलेली असताना आलेल्या देखभाल अधिकाऱ्याला तुमचा इतिहास नको असतो. हे काम यांना जमेल का आणि फोन कुठे करायचा, एवढंच त्याला हवं असतं. मनोगत ‘आमच्याविषयी’ पानावर हलवा. संचालक नाराज होतील, समजूत काढा.

स्लायडर काढाच. 2013 मध्ये अमेरिकेतल्या नॉत्र दाम विद्यापीठाच्या संकेतस्थळाचे आकडे प्रसिद्ध झाले होते. होमपेजवरच्या स्लायडरवर क्लिक करणारे जेमतेम 1 टक्का होते आणि त्यातल्याही 84 टक्के क्लिक पहिल्याच चित्रावर होत्या. विद्यापीठ आणि तुमचा धंदा वेगळा, हे मान्य. पण माझं मत असं की स्लायडर बहुतेक वेळा ग्राहकासाठी नसतोच, ऑफिसातल्या पाच जणांचं भांडण मिटवण्यासाठी असतो. वर काय ठेवायचं हे ठरत नाही, म्हणून सगळंच फिरवत ठेवतात.

तुमच्याकडे दोन प्रकारची माणसं येणार: पंप आत्ता बंद पडलेली आणि वार्षिक कराराची चौकशी करणारी. म्हणून बटणं दोनच, ‘बिघाड कळवा’ आणि ‘देखभाल करारासाठी दर मागवा’. पहिलं ठळक, दुसरं साधं. ‘अधिक जाणून घ्या’ नको, त्यावर दाबल्यावर काय होणार ते कोणालाच कळत नाही. फॉर्ममध्ये नाव, फोन, पंपाचा प्रकार आणि फोटो जोडायची सोय पुरे. कंपनीची उलाढाल विचारणारा रकाना कशासाठी ठेवलाय, हे मला खरंच समजलं नाही. मोबाइलवर फोन नंबरला हात लावताच फोन लागला पाहिजे. सध्या तो चित्रात कोरलेला आहे, म्हणजे कॉपीसुद्धा होत नाही.

विश्वास बसण्यासाठी हस्तांदोलनाची विकतची चित्रं नकोत. तुमचं वर्कशॉप, उघडलेला पंप, झिजलेला इंपेलर (पंपातलं पाणी ढकलणारं पात्यांचं चाक) आणि बदललेला इंपेलर, असे स्वतः काढलेले फोटो द्या, थोडे ओबडधोबड असले तरी चालतील. ग्राहकांची नावं आणि लोगो त्यांच्या परवानगीनेच वापरा. शून्यापासून पळत सुटणारे ‘समाधानी ग्राहक’वाले आकडे बघून कोणी भुलत असेल असं मला वाटत नाही.

वेगाचं थोडक्यात. गूगलच्या निकषांप्रमाणे पानावरचा सर्वांत मोठा घटक 2.5 सेकंदांच्या आत दिसावा. बहुतेक ठिकाणी अडतं ते वरच्या अवजड फोटोपाशी. तो वेबपी या कमी जागा घेणाऱ्या फोटो-प्रकारात लहान करून घ्या, त्याला लेझी लोडिंग (फोटो दिसायची वेळ आल्यावरच लोड करणं) लावू नका, ते खालच्या फोटोंसाठी, आणि रुंदी-उंची कोडमध्ये नमूद करा, म्हणजे पान लोड होताना मजकूर उड्या मारत नाही. पांढऱ्यावरची फिकट करडी अक्षरंही गडद करा. साध्या आकाराच्या मजकुरासाठी पार्श्वभूमीशी किमान 4.5:1 कॉन्ट्रास्ट (उजळपणातला फरक) हवा, आणि कारखान्याच्या आवारात उन्हात मोबाइल बघणाऱ्याला तेवढाही कमीच पडतो.

सगळं होमपेजवरच कोंबू नका. सर्चमधून येणारे बरेच जण थेट एखाद्या सेवेच्या पानावर उतरतात, तेव्हा फोन आणि बटणं तिथेही द्या.

मसुदा झाला की तुमच्या धंद्याची माहिती नसलेल्या माणसाला तो 5 सेकंद दाखवा, मग झाका आणि विचारा, ही कंपनी काय करते? ‘पंप दुरुस्त करते’ असं उत्तर आलं नाही तर शीर्षक पुन्हा लिहा. ए/बी चाचणीच्या (पानाच्या दोन आवृत्त्या वेगवेगळ्या लोकांना दाखवून तुलना करण्याच्या) नादी सध्या लागू नका, भेट देणारे थोडे असले की त्यातून धड काही निष्पन्न होत नाही. त्यापेक्षा फोन घेणाऱ्याला सांगा, की प्रत्येक नव्या ग्राहकाने अडचण कोणत्या शब्दांत सांगितली ते जसंच्या तसं टिपून ठेवायचं. ‘पंप पाणी उचलत नाही’ असं लोक म्हणत असतील, तर पानावरही तेच लिहा.