माळ्यावरचे न उघडलेले खोके

‘वय एकोणचाळीस, घरात शाळेत जाणारा मुलगा, आणि मला स्वतःसाठी लेगो घ्यावंसं वाटतं. डोक्यात काही बिघाड तर नाही ना?’ हा प्रश्न या ना त्या रूपात माझ्याकडे सल्ल्याला येणारे विचारतच असतात. कुणाचे असे एकमेकांत बसवायचे प्लास्टिकचे ठोकळे, कुणाच्या छोट्या मोटारी, एका निवृत्त गुरुजींचे पतंग. विचारणारे बहुतेक पुरुष असतात आणि विचारताना आवाज हमखास खाली जातो. वेडाची शंका मी लगेच निकालात काढते, तिच्यात दम नसतो. पैशाची शंका मात्र खरी असते. तिला वेळ द्यावा लागतो.

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या एका मशीन शॉपमध्ये काम करणाऱ्या गृहस्थांची गोष्ट सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. ते स्वतःहून आले नव्हते, बायकोनं आणलं होतं.

“बघा की मॅडम,” तिनं बसायच्या आधीच सुरुवात केली, “पोरगं झोपलं की हे मोबाईलवर लेगोची खोकीच बघत बसूलालेत. दिवाळीची भांडी काढायला मी माळ्यावर चढले तर एकावर एक खोकी. बिलं कपाटात, कपड्यांच्या खाली.”

गृहस्थ म्हणाले, “दारू नाही, सिगरेट नाही, मावा नाही. एवढंच एक.”

हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की त्यावर थांबतच नाही. न केलेल्या व्यसनाचे पैसे काही घरखर्चात जमा होत नाहीत. मी विचारलं, खोकी किती? अकरा. त्यातली उघडली किती?

ते बायकोकडे बघायला लागले. मग म्हणाले, “दोन.”

वेळ मिळत नाही, असं त्यांचं म्हणणं. पण रात्री तास-दोन तास खोकी बघायला वेळ होता. मला धागा सापडला तो इथे. जोडायची हौस आणि घ्यायची हौस या दोन निराळ्या गोष्टी, आणि त्यांच्या घरात पहिली उपाशी राहून दुसरी पोसली जात होती. कारण साधं आहे. ठोकळे जोडायचे तर टेबल लागतं, उजेड लागतो, पसारा होतो, पिशव्या फाडल्याचा आवाज होतो. ते लपून होत नाही. लपून होते ती फक्त खरेदी. अंगठा दाबला की झालं. शिफ्टचा ताण घटकाभर उतरतो, चार दिवसांनी खोका येतो, बायको बघायच्या आत माळ्यावर जातो, आणि जोडायची इच्छा जशीच्या तशी शिल्लक राहते. मग दुसरा खोका. ‘लोक काय म्हणतील’ यानं खर्च कमी होत नाही, वाढतो. हे मी ठामपणे सांगते, कारण साड्यांपासून मोबाईलपर्यंत अनेक घरांत हेच पाहिलं आहे.

लाज कुठून आली ते विचारलं. लहानपणी मामांनी मेकॅनिक्सचा संच आणून दिला होता: भोकं पाडलेल्या पत्र्याच्या पट्ट्या, नट-बोल्ट, चिमुकला पाना. दहावीला बाबांनी तो उचलून शेजारच्या मुलाला देऊन टाकला. अभ्यास आहे म्हणून. बाबांना दोष देण्यात मला रस नव्हता, त्या काळात बऱ्याच घरांत तसंच व्हायचं. मी दुसरंच विचारलं: गल्लीत दिवाळीचा किल्ला करायचात का?

माणूस एकदम सरळ बसला. करायचात म्हणजे काय! आयटीआय संपून नोकरी लागल्यावरही. तांबडी माती, पोती भिजवून उभे केलेले कडे, आळीव पेरून उगवलेलं गवत. एका वर्षी राजहंसगड, जवळचा म्हणून आधी प्रत्यक्ष जाऊन बुरूज मोजून आले होते. बेळगावात किल्ल्यापायी रात्र रात्र चिखलात बसणाऱ्या मिशीवाल्यांना वय कुणी विचारत नाही. मंडळाचं काम असतं, इतिहास असतो. तेच हात घरात एकटे ठोकळे जोडायला लागले की पोरखेळ. त्यांची बायको यावर हसली आणि म्हणाली, “मातीचं फुकट तरी असतंय की.”

तिचा मुद्दा बिनतोड होता. म्हणून हिशेबाला बसलो.

लेगो आपल्याकडे महाग का, हे आधी कळायला हवं, नाहीतर प्रत्येक सवलत ‘संधी’ वाटते. खेळण्यांवरचं आयात शुल्क सरकारनं २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्के केलं आणि २०२३ मध्ये ७० टक्क्यांवर नेलं. शिवाय कंपनीनं २०२० पासून १८ वर्षांवरच्यांसाठी वेगळे संच बाजारात आणले आहेत, मोठाले आणि तसेच भारी किमतीचे. म्हणजे मोठ्यांनी हे जोडावं यात लाजण्यासारखं काही नाही, हे कंपनीनं कधीच ओळखलंय. तुमच्या खिशावर तिची नजर आहे, एवढंच ध्यानात ठेवा.

पण या खेळात काटकसरीला जागाही भरपूर आहे. १९५८ साली डेन्मार्कमध्ये पेटंट घेतलेला ठोकळा आजच्या ठोकळ्यात बसतो, त्यामुळे जुना माल वाया जात नाही. कुणाच्या मुलानं टाकून दिलेली डबाभर ठोकळे कोमट पाण्यात साबण घालून धुवा. पाणी ४० अंशांच्या वर नको, नाहीतर प्लास्टिक वाकतं. जोडणीच्या पुस्तिका कंपनीच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. संगणकावर आभासी ठोकळे जोडायचं ‘स्टुडिओ’ नावाचं सॉफ्टवेअरही फुकट आहे. एकाच खोक्यातून तीन वेगवेगळ्या वस्तू होतात असेही संच असतात. पेटंटची मुदत कधीच संपल्यामुळे इतर कंपन्यांचे जुळणारे ठोकळे मिळतात. फक्त घरात मूल असेल तर आयएसआय चिन्ह बघून घ्या, १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर ते १ जानेवारी २०२१ पासून सक्तीचं आहे. आणि वर आठ बटणं, म्हणजे गोल उंचवटे, असलेले एकाच रंगाचे सहा ठोकळे घेतले तर ते ९१ कोटी ५१ लाख ३ हजार ७६५ प्रकारे जोडता येतात, हा कोपनहेगनच्या गणितज्ञांनी मांडलेला हिशेब. नवीन खोका नसेल तर करणार काय, असं म्हणणाऱ्याला मी हा आकडा ऐकवते.

अटी तीनच घातल्या. हप्त्यावर काही घ्यायचं नाही. ही अट मी कुणासाठीच सैल करत नाही. घरातलं उघडून जोडून होईपर्यंत नवीन येणार नाही. आणि जे काही होईल ते हॉलमधल्या टेबलावर, सगळ्यांच्या देखत. चार सीलबंद खोके त्यांनी विकले, सीलबंद मालाला गिऱ्हाईक मिळतं, आणि आधीच्या खरेदीचे उरलेले हप्ते त्यातून फेडले. पुढे महिन्याला पाचशे रुपये, रोख, पाकिटात. त्या महिन्यात काही आवडलं नाही तर पैसे साठू द्यायचे.

पुढच्या वेळी ते एक छोटा डबा आणि खिशात व्हर्निअर, म्हणजे बारीक मापं घ्यायची पट्टी, घेऊन आले. नखांच्या कडेला कूलंटचे डाग तसेच. माझ्या टेबलावर लेगोच्या तीन पातळ पाट्या एकावर एक दाबल्या, टक्, टक्, शेजारी एक जाड ठोकळा ठेवला आणि माप दाखवलं: दोन्ही ९.६ मिलिमीटर. एका बटणाच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत ८. “आमच्याकडं जॉब असा आला पाहिजे,” म्हणाले. जॉब म्हणजे मशीनवर घडवलेला भाग. त्या दिवशी खरेदीचा विषय एकदाही निघाला नाही. मला जे हवं होतं ते हेच, कारण दिवसभर दुसऱ्याच्या ड्रॉइंगबरहुकूम काम करणाऱ्या माणसाला स्वतःच्या मनाप्रमाणे काहीतरी उभं करायची भूक असते आणि ती वस्तू विकत आणून भागत नाही.

सगळ्यांचं इतक्यावर भागेल असं नाही. घरभाडं, फी थकवून खरेदी होत असेल, कर्ज लपवलं जात असेल, ठरवूनही हात थांबत नसेल, किंवा कशातच मन लागत नाही म्हणून खोकी मागवली जात असतील, तर हिशेबाची वही आणि पाकीट पुरत नाही. मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांकही आहे, तिथे मराठीत आणि कन्नडमध्ये बोलता येतं.

मुलाचं काय, हे बरेच जण विचारतात. तीन वर्षांखालचं मूल असेल तर बारीक तुकडे त्याच्या हाताला लागू देऊ नका, गिळलं जातं. मोठ्या मुलाला एक सामाईक डबा द्यावा आणि बाबांचं अर्धवट काम एका ताटात वर ठेवावं. या घरात ताटाला हात लावायचा नाही हा नियम मुलानं पाळला, आजोबांनी मोडला. देऊन टाकलेल्या मेकॅनिक्सबद्दल ते काही बोलले नाहीत, पण ताटातल्या ठोकळ्यांच्या बुरुजाचा दरवाजा चुकीच्या दिशेला आहे असं त्यांचं मत पडलं आणि त्यांनी तो फिरवून ठेवला.

शेवटच्या बैठकीत बायकोनं हिशेबाची वही उघडून माझ्यापुढे ठेवली. “यांना महिन्याला पाचशे, ते कळलं. मला किती?” तिला शिवणाच्या मशीनची मोटर घ्यायची होती. रास्त होतं. पट्टी घेऊन त्याच पानावर दुसरा रकाना आखला, आणि पाचशे पुरतील का यावर दोघांचं जे सुरू झालं ते जिना उतरेपर्यंत चालूच होतं.