गेममधले फ्लॅट गेले, डिपॉझिट मात्र खरं होतं

प्रश्न : मी सोलापुरातल्या जोडभावी पेठेत राहतो, वय 24. एका ऑनलाइन रोलप्ले गेमच्या (पात्र बनून खेळायचा गेम) शहरात मी तीन फ्लॅट घेतले. सर्व्हर चालवणाऱ्याला यूपीआयने एकूण 18,500 रुपये दिले. फ्लॅट तीन खेळाडूंना भाड्याने दिले, प्रत्येकाकडून 2,000 रुपये डिपॉझिट घेतलं. गेल्या महिन्यात कारण न देता मला बॅन केलं, फ्लॅटही गेले. भाडेकरू डिपॉझिट मागताहेत. त्यातला एक दहावीतला मुलगा निघाला, त्याचे वडील पोलिसांत जायचं म्हणतात. सर्व्हरवाल्यावर भाडे नियंत्रण कायद्याखाली दावा लावता येईल का?

उत्तर : नाही लावता येणार. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 हा खऱ्या जागेचा कायदा आहे. तुम्ही घेतलेला ‘फ्लॅट’ म्हणजे त्या सर्व्हरवर एक सोय वापरायची परवानगी. पण त्यासाठी मोजलेले पैसे खरे आहेत, आणि वाद त्यांचाच आहे.

त्याआधी एक काम आजच करा. त्या मुलाचे 2,000 रुपये वडिलांच्या खात्यावर पाठवा, ‘डिपॉझिट परत’ असं लिहा आणि पोचल्याचा मेसेज मागून घ्या. करार कायदा, 1872 च्या कलम 11 प्रमाणे अज्ञान, म्हणजे 18 वर्षांखालची, व्यक्ती करार करू शकत नाही, आणि असा करार मुळातच शून्य असतो हे प्रिव्ही कौन्सिलने (ब्रिटिश काळातलं सर्वात वरचं अपील न्यायालय) 1903 मध्येच ठरवलं. वय माहीत नव्हतं, हे तुमचं म्हणणं मला खरं वाटतं. तरी त्या जोरावर पैसे धरून ठेवू नका. वडिलांशी फोनवर स्वतः बोला. पोरगा घाबरला असेल, त्याला दोष देऊ नका.

उरलेल्या दोघांचंही डिपॉझिट तुमच्याकडूनच येणं आहे. त्यांनी पैसे तुम्हाला दिले, सर्व्हरवाल्याला नाही. एकदम जमत नसेल तर हप्ते ठरवून लेखी कळवा.

तुम्ही पाठवलेल्या कराराचा स्क्रीनशॉट मी दोनदा वाचला. ‘तिसरा मजला, समुद्राकडची बाजू, एक महिन्याची नोटीस’ इतकं बारीक लिहिलंय, आणि खाली सह्या गेममधल्या पात्रांच्या. खरं नाव, पत्ता कुठेच नाही. म्हणून तुमचा खरा पुरावा यूपीआयच्या नोंदींत आहे. बँकेचं स्टेटमेंट काढा, प्रत्येक व्यवहाराचा यूटीआर नंबर (बँकेचा ओळख क्रमांक) लिहून ठेवा. चॅट अजून दिसत असेल तर आज रात्रीच उतरवून घ्या. मोबाइल विकू नका, फॉरमॅट तर मुळीच करू नका. भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 च्या कलम 63 खालचं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत जोडायचं, प्रमाणपत्र देताना तो लागेल.

मग सर्व्हरवाल्याला नोटीस : बॅनचं कारण द्या, नाहीतर पैसे परत करा. उत्तर आलं नाही तर सोलापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते, कारण 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रारदार राहतो तिथेच दाद मागता येते. तुम्ही मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. तक्रारीची मुदत दोन वर्षं. अडचण एकच, आणि ती लहान नाही : तुम्ही फ्लॅट भाड्यासाठी घेतले, म्हणजे ‘व्यापारी हेतू’ होता, असं समोरचा म्हणणार. तसं ठरलं तर ग्राहक म्हणून दाद मिळत नाही, दिवाणी न्यायालयात पैसे वसुलीचा दावा उरतो, आणि 18,500 साठी तो परवडेल का, याचा हिशेब आधी करू.

अमेरिकेत हे घडून गेलंय. ‘सेकंड लाइफ’ या ऑनलाइन आभासी जगातली जमीन आणि खातं गेलं म्हणून पेनसिल्व्हेनियातला एक वकील कंपनीविरुद्ध कोर्टात गेला. 2007 मध्ये कोर्टाने कंपनीची वाद कोर्टाऐवजी लवादाकडेच न्यायची एकतर्फी अट मानली नाही. पुढे तडजोड झाली, त्यामुळे जमीन कोणाची हा निकाल राहूनच गेला. आपल्या कामाचं एवढंच की ‘आमच्या अटी तुम्ही मान्य केल्यात’ या एका वाक्यावर घाबरून गप्प बसायचं कारण नाही. मात्र अटी वाचा, मूळ गेमच्या कंपनीच्यासुद्धा. खऱ्या पैशांच्या व्यवहाराला तिथे बंदी असेल तर तुमची बाजू लंगडी पडेल.

फौजदारी तक्रारीचं म्हणाल, तर नुसता शब्द मोडणं म्हणजे फसवणूक नव्हे. सुरुवातीपासून लबाडीचा हेतू दिसायला हवा. तेच फ्लॅट तुम्हाला विकण्याआधी दुसऱ्याला विकलेले असतील, किंवा असे बॅन झालेले आणखी चार जण भेटले, तर मात्र सायबर पोलिसांकडे जा, 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवरही कळवा.

येताना स्टेटमेंट, मोबाइल आणि त्या वडिलांचा पैसे पोचल्याचा मेसेज घेऊन या. नोटीस त्यानंतर लिहू.