'मेड इन इंडिया' या तीन शब्दांवर किती विसंबावे?

आपण विचारले आहे की, दिवाळीची खरेदी शक्यतो देशी मालाचीच करायची असल्यास वस्तू कोणत्या देशात तयार झाली हे वेष्टनावरून कसे ओळखावे, आणि बारकोड ८९० या आकड्यांनी सुरू होत असेल तर ती वस्तू भारतीय समजावी का. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सरळ 'नाही' असे आहे. ८९० हे आकडे एवढेच सांगतात की, त्या कंपनीने आपला बारकोड जीएस१ या संस्थेच्या भारतीय शाखेकडून घेतला आहे; माल तिने कुठे बनवून घेतला याच्याशी त्या आकड्यांचा संबंध नाही. हा गैरसमज दर दिवाळीला मोबाईलवरून फिरतो आणि माणसे त्यावर विश्वास ठेवून खरेदी करतात, म्हणून तो आधीच दूर केला.

पहिल्या प्रश्नाला मात्र वेळ द्यावा लागेल. मी बेळगावच्या उद्यमबाग या औद्योगिक वसाहतीत तीस वर्षे लेथवर काम केले. आमच्याकडे पंपाचे भाग होत. ओतीव काम जवळच्याच फाउंड्रीत, टर्निंग आणि बोअरिंग आमच्याकडे, जुळणी दुसऱ्या गावी, आणि आत बसणारे बेअरिंग कधी देशी तर कधी परदेशी. असा पंप कोणत्या देशाचा म्हणावा, हा प्रश्न आम्हांला रोजच्या कामातला होता. सरकारी खरेदीतही याचे उत्तर हो किंवा नाही असे दिले जात नाही. सन २०१७ च्या आदेशानुसार देशी मालाला प्राधान्य देताना पुरवठादारांचे वर्ग केले जातात, आणि आजच्या निकषांप्रमाणे मालात निम्मे किंवा त्याहून अधिक मूल्य देशातले असेल तर पहिला वर्ग, वीस ते पन्नास टक्क्यांच्या दरम्यान असेल तर दुसरा वर्ग मिळतो. ग्राहकानेही असाच विचार करावा असे मला वाटते: यातले किती काम इथे झाले, हे विचारावे.

त्यासाठी वेष्टनावरची सर्वांत उपयोगी ओळ म्हणजे नाव आणि पत्त्याची. वेष्टनबंद वस्तूंच्या २०११ च्या नियमांप्रमाणे पाकिटावर उत्पादक, पॅकर किंवा आयातदार यांचे नाव व पत्ता, वस्तूचे नाव, निव्वळ वजन किंवा नग, उत्पादनाचा महिना व वर्ष, सर्व करांसह कमाल किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क छापावा लागतो. मूळ देशाचे नाव छापण्याची सक्ती मात्र आयात मालासाठी आहे. त्यामुळे एखाद्या वस्तूवर 'मेड इन इंडिया' नसले म्हणून ती परदेशी ठरत नाही. पत्त्याच्या आधी 'मॅन्युफॅक्चर्ड बाय' असेल आणि पुढे गाव, औद्योगिक वसाहत व पिनकोड असेल, तर तोच चांगला पुरावा. 'मार्केटेड बाय' म्हणजे केवळ विकणारा, 'पॅक्ड बाय' म्हणजे केवळ पाकिटात भरणारा, 'इम्पोर्टेड बाय' म्हणजे बाहेरून आणणारा. 'डिझाइन्ड इन' या शब्दांनी वस्तू बनवण्याबद्दल काहीच सांगितलेले नसते, आणि 'असेंबल्ड इन इंडिया' म्हणजे सुटे भाग इथे जुळवले, एवढाच अर्थ घ्यावा.

हे मी अनुभवातून शिकलो. काही वर्षांपूर्वी घरकामासाठी ड्रिल मशीन घेतले. खोक्यावर अस्सल भारतीय नाव, तिरंग्याच्या रंगांची पट्टी आणि महाराष्ट्रातला पत्ता होता. दुकानदारानेही हा आपलाच माल असल्याचे सांगितले. घरी आल्यावर चष्मा लावून पाहिले, तेव्हा त्या पत्त्याआधी 'मार्केटेड बाय' असे शब्द होते, आणि खोक्याच्या तळाशी चिकटवलेल्या लहान पांढऱ्या चिठ्ठीवर मूळ देश म्हणून 'पी.आर.सी.' ही अक्षरे होती. पी.आर.सी. म्हणजे पीपल्स रिपब्लिक ऑफ चायना, अर्थात चीन. कायद्याने जे छापायला हवे ते छापलेले होते; पण ज्या ठिकाणी आणि ज्या अक्षरांत छापले होते, त्यामागे ग्राहकाने ते वाचू नये हीच इच्छा होती, याचे मला आजही वाईट वाटते. मी यंत्रावरचा माणूस असून चकलो, तर ज्यांना इंग्रजी वाचता येत नाही त्यांनी काय करावे? म्हणून दुकानातच खोके उलटे करून तळ पाहावा, आणि आयात मालावर देशाचे नाव नसेलच तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करावी. ऑनलाइन खरेदीतही विक्रेत्याने मूळ देश सांगणे २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनी बंधनकारक आहे. ती माहिती बहुधा पान बरेच खाली सरकवल्यावर सापडते.

खाण्याच्या पदार्थांत हा गुंता वाढतो. दिवाळीत हमखास घेतला जाणारा काजू घ्या. आमच्याकडे चंदगड आणि खानापूरच्या पट्ट्यात काजूची झाडे आहेत, बी फोडण्याचे कारखानेही आहेत. परंतु देशभरातल्या कारखान्यांची भूक इथल्या पिकावर भागत नाही, म्हणून आयव्हरी कोस्ट, बेनिन, टांझानिया अशा आफ्रिकी देशांतून कच्ची बी जहाजाने येते. ती इथे वाफवली जाते, फोडली जाते, सोलून व निवडून तिचे काजूगर पाकिटात भरले जातात, आणि त्या पाकिटावर भारतीय उत्पादकाचा पत्ता येतो. यात लबाडी नाही. पदार्थाचे स्वरूप बदलणारी प्रक्रिया ज्या देशात होते तोच त्याचा मूळ देश, असे अन्नपदार्थांच्या लेबलविषयीच्या नियमांतही धरले आहे. माझ्या मते असा काजूही देशी मानावा, कारण तो सोलण्याच्या आणि निवडण्याच्या कामावर कितीतरी बायकांचे घर चालते. मात्र शेतकऱ्याच्या हाती पैसा जावा हा आपला हेतू असेल, तर लेबल पुरेसे नाही, 'बी कुठली?' असे कारखानदारालाच विचारावे लागेल.

तेलाचेही तसेच आहे. देशाला लागणाऱ्या खाद्यतेलाचा निम्म्याहून अधिक भाग बाहेरून येतो. पामतेल मुख्यतः इंडोनेशिया आणि मलेशियातून. ते इथे शुद्ध होऊन पाकिटात भरले जाते, आणि पाकीट आपल्याला देशी दिसते. चकली-शेव तळायला देशी तेलच हवे असेल तर जवळच्या घाण्यावरचे शेंगतेल घ्यावे. ते महाग पडते, हे मान्य करूनच सांगतो.

विजेच्या वस्तूंवरच्या आयएसआय चिन्हाबद्दलही एक खुलासा करतो. ते चिन्ह दर्जाचे आहे, देशाचे नाही. भारतीय मानक ब्यूरो (बीआयएस) परदेशातील कारखान्यांनाही हा परवाना देतो. चिन्हाखाली सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो, तो 'बीआयएस केअर' या मोबाईल ॲपमध्ये घातला की परवानाधारकाचे नाव समजते. खेळण्यांना हे चिन्ह १ जानेवारी २०२१ पासून सक्तीचे झाले. या सक्तीतून नोंदणीकृत कारागिरांची आणि भौगोलिक मानांकन (ठरावीक भागाच्या खास मालाला मिळणारी सरकारी नोंद) मिळालेली खेळणी वगळली आहेत; तेव्हा चन्नपट्टणच्या लाखेच्या खेळण्यावर आयएसआय दिसले नाही तर ते बनावट समजू नये.

कापडाच्या बाबतीत बेळगावकरांना फार लांब जावे लागत नाही. शहापूर, वडगाव, खासबाग या भागांत अजून मागांचा खडखडाट ऐकू येतो. तिथली साडी बहुतेक यंत्रमागावरची असते, म्हणून तिच्यावर हातमागाचे चिन्ह नसते. पण ती आपल्या गावात विणलेली असते, आणि विणकराच्या दारात जाऊन घेता येते. हातसुताचेच हवे असेल तर खादी चिन्ह पाहावे. गांधीजी ज्या एकमेव काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्ष होते ते १९२४ मध्ये इथे बेळगावात भरले, आणि त्याची धुरा वाहणारे गंगाधरराव देशपांडे यांनी बेळगावजवळच्या हुदलीत खादीचे काम रुजवले. स्वदेशी हा शब्द आमच्या भागात एका पिढीने असा अंगावर नेसून दाखवला आहे.

कोल्हापुरी चपलेचे उदाहरण मला विशेष जवळचे आहे. २०१९ साली तिला भौगोलिक मानांकन मिळाले, ते कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर या चार आणि बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर या चार अशा आठ जिल्ह्यांसाठी, दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांच्या नावे. बेळगाव जिल्ह्यातल्या अथणीचा कारागीर आणि कोल्हापूरचा कारागीर एकच चप्पल घडवतात, हे त्या नोंदीत मान्य झाले आहे. बाजारात रेक्झिनची यंत्राने केलेली नक्कलही 'कोल्हापुरी' म्हणूनच विकली जाते. तळ आणि पट्टे दोन्ही चामड्याचे आहेत का, हे हातात घेऊन पाहावे.

राहिली सुटी वस्तू, जिच्यावर कोणतेच लेबल नसते. पणत्या घेताना मी पाटीवाल्या मावशींना 'कुठल्या हो?' एवढेच विचारतो. खानापूरच्या असतील तर कोणत्या कुंभाराच्या हेही त्या सांगतात. साच्यातून काढलेल्या गुळगुळीत, रंगीत पणत्यांच्या ढिगाबद्दल विचारले की त्या म्हणतात, 'त्या होलसेलवाल्याकडनं आणल्या, कुठल्या ते ठावं नाही.' मी पहिल्या ढिगातल्या दोन डझन घेतो.