आधी दाखला, मग निरोप

प्रश्न : माझा जन्म १९६७चा, इंग्लंडमधला. तान्ही असतानाच तिथे स्थायिक झालेल्या एका मराठी जोडप्याने मला दत्तक घेतलं. घरात ही गोष्ट लपवली नाही, पण त्यापुढे कुणी काही बोललंही नाही. मागच्या वर्षी आई गेली. तिच्या कपाटात माझा दत्तकाचा दाखला सापडला, पण त्यावर आई-बाबांचीच नावं आहेत. मुलीच्या आग्रहाने डीएनए चाचणी केली. मी निम्मी दक्षिण आशियाई, निम्मी इंग्लिश निघाले. जुळणाऱ्यांच्या यादीत सगळ्यांत वर एक तिशीतली मुलगी आहे, ८७० सेंटिमॉर्गन (दोघांत किती डीएनए जुळतो ते मोजण्याचं एकक). आम्हा दोघींशी जुळणारे बाकीचे सगळे इंग्रज आहेत. तिला काय लिहू? धाकटा भाऊ म्हणतो, "आता या वयात कशाला उकरून काढतेस?"

उत्तर : तिला एवढ्यात काहीच लिहू नका. तुमची घाई मला कळते. इतकी वर्षं कोरं असलेलं पान अचानक बोलायला लागलंय. पण ८७० म्हणजे काय ते आधी पाहा. सख्ख्या मामे-मावस भावंडांत साधारण एवढंच जुळतं, आणि आई एक पण वडील वेगळे अशा भावंडाच्या मुलांशीही एवढंच. तुमच्या दोघींत एका पिढीचं अंतर आहे, तिच्या बाजूचे सगळे इंग्रज आहेत. म्हणजे ती तुमची भाची असण्याचा संभव मोठा. तसं असेल तर तिची आजी ही बहुधा तुमची जन्मदाती. त्या आजीने लग्नाआधीच्या बाळाबद्दल घरात अवाक्षर काढलं नसेल, तर ही बातमी नातीच्या फोनवर उघडेल, आणि ती बाई हयात असेल तर तिला स्वतःच्या तोंडाने सांगण्याची संधीच उरणार नाही.

म्हणून सुरुवात कागदापासून करा. इंग्लंड आणि वेल्समध्ये १८ वर्षं पूर्ण झालेल्या दत्तक व्यक्तीला मूळ जन्मनोंद मिळवण्याचा हक्क १९७६ पासून आहे. अर्ज जनरल रजिस्टर ऑफिसकडे, म्हणजे जन्म-लग्न-मृत्यूच्या नोंदी ठेवणाऱ्या तिथल्या सरकारी कार्यालयाकडे करायचा. तुमचं दत्तकविधान १२ नोव्हेंबर १९७५च्या आधीचं, त्यामुळे मूळ जन्मदाखल्याची माहिती हाती येण्यापूर्वी समुपदेशकाची भेट सक्तीची आहे. याला अडथळा समजू नका. त्या काळच्या आयांना सांगितलं गेलं होतं की मूल तुम्हाला कधीच शोधू शकणार नाही. १९६८ या एका वर्षात तिथे जवळपास २५,००० दत्तकविधानं झाली. त्यांतल्या कितीतरी जणी हा शब्द धरूनच पुढचं आयुष्य जगल्या. ही भेट त्यांच्यासाठीही आहे.

दाखला आला की सावकाश वाचा. तुमचं जन्मनाव असेल, आईचं नाव असेल. लग्न झालेलं नसेल तर वडिलांचा रकाना बहुधा रिकामा असेल. मनाची तयारी ठेवा. समासात दत्तक दिल्याची नोंद दिसेल. पत्ता नीट पाहा, तो अविवाहित मातांच्या आश्रमाचाही असू शकतो. तो तिच्या घराचा पत्ता समजून लोक भलत्याच गावात महिनोन्‌महिने शोधत बसतात.

आईचं माहेरचं आडनाव मिळालं की इंग्लंडची जन्म-लग्न-मृत्यूच्या नोंदींची सूची फार मदत करते. फ्रीबीएमडी या संकेतस्थळावर ती फुकट पाहता येते. १९१२ पासून लग्नाच्या सूचीत जोडीदाराचंही आडनाव असतं. समजा, १९७०च्या सुमाराला तिच्या नावाचं एक लग्न सापडलं. मग जन्मांच्या सूचीत नवऱ्याचं आडनाव आणि तिचं माहेरचं आडनाव ही जोडी शोधायची. तिथे १९११ पासून आईचं माहेरचं आडनाव दिलेलं आहे. अशी तिची पुढची मुलं समोर येतात. आडनाव आडवळणाचं असेल तर एका संध्याकाळचं काम. स्मिथ असेल तर मात्र पुरावा मिळेपर्यंत कुणालाही आई म्हणू नका. मृत्यूंची सूचीही जरूर बघा. १९६९पासून तिच्यात जन्मतारीख असते, त्यामुळे त्याच नावाची दुसरी बाई वगळता येते. हे पान उघडताना मुलीला शेजारी बसवा.

तिचा माग लागला, तरी दारात जाऊन उभ्या राहू नका. फोनही नको. जनरल रजिस्टर ऑफिसकडे दत्तकसंपर्क नोंदवही आहे; दत्तक गेलेली व्यक्ती आणि तिचे जन्माचे नातलग संपर्काची इच्छा तिच्यात नोंदवतात. तिच्यात आधी आपलं नाव घाला. तुमच्या जन्मदातीनेही नोंद केली असेल, तर पुढचं सोपं होतं. नसेल तर नोंदणीकृत मध्यस्थ संस्थेमार्फत पत्र पाठवा. पहिलं पत्र चार ओळींचं असू द्या: तुम्ही सुखरूप आहात, तुमचा कुणावर राग नाही, आणि उत्तर द्यायचं की नाही हे त्यांनी ठरवावं. लहानपणच्या एकटेपणाचे प्रश्न त्यात नकोत. उत्तर आलं नाही, तर त्या भाचीला लिहायचं की नाही याचा विचार तेव्हा मध्यस्थाशी बोलून करा.

भावाचं म्हणणं मला पटत नाही. आपण कुणाच्या पोटी जन्मलो हे जाणून घेणं म्हणजे वाढवलेल्या आईशी बेइमानी नव्हे. पण तोही नुकताच आईला मुकलाय, हे विसरू नका. त्याला दाखला दाखवा. हे त्याला बाहेरच्यांकडून कळण्यापेक्षा तुमच्याकडून कळलेलं बरं.

वडिलांबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण विचाराल. दक्षिण आशियाई लोक या चाचण्यांत अजून कमी आहेत, त्यामुळे त्या बाजूने जवळचं कुणी जुळेलच असं नाही. त्यांचं नाव कागदावर असलंच, तर ते दत्तक देणाऱ्या संस्थेच्या फायलीत असण्याची शक्यता जास्त, कारण तिथे बऱ्याचदा आईची मुलाखत लिहून ठेवलेली असते. समुपदेशकाच्या भेटीत दत्तकविधान कोणत्या कोर्टात झालं आणि कोणत्या संस्थेमार्फत झालं, हे दोन्ही विचारून घ्या. कोर्टाची फाइल वेगळी, संस्थेची वेगळी. दोन्हींसाठी स्वतंत्र अर्ज करा.