व्ही-8 साठी थांबायचं की सहा सिलिंडर घ्यायचं?

तुम्ही डेन्व्हरला राहता, दोनेक वर्षांत मसल कार (दणकट इंजिनाची अमेरिकी गाडी) घ्यायची आहे, आणि व्ही-8 साठी (इंग्रजी V च्या आकारात मांडलेल्या आठ सिलिंडरांचं इंजिन) थांबावं, सहा सिलिंडरचं टर्बो (हवा दाबून आत भरणारा पंप असलेलं) घ्यावं की थेट इलेक्ट्रिककडे वळावं, असा तुमचा प्रश्न आहे. माझं उत्तर आधीच सांगतो : तुमच्यासाठी सहा सिलिंडर. का, ते जरा सविस्तर लिहितो.

मसल कारला बहुतेक वेळा दुसऱ्या गाडीचं इंजिन मिळत आलंय. 1964 ची पॉन्टिअ‍ॅक जीटीओ घ्या. टेम्पेस्ट ही मध्यम आकाराची गाडी, तिच्यात मोठ्या पॉन्टिअ‍ॅकचं 389 घनइंची, म्हणजे जवळपास 6.4 लिटरचं व्ही-8 बसवलं. 325 हॉर्सपॉवर, आणि तेही सामान्य पगारदाराला परवडेल अशा किमतीत. त्यामुळे पुढे कोणतं इंजिन येणार हे ओळखायचं असेल तर त्या कंपनीच्या पिकअप ट्रकचं आणि मोठ्या एसयूव्हीचं बोनेट उघडून बघावं. फोर्डच्या मस्टँगचं 5 लिटरचं कोयोटी व्ही-8 आज टिकून आहे, त्यात फोर्डच्याच एफ-150 या पिकअप ट्रकचा मोठा वाटा आहे. एकट्या मस्टँगच्या विक्रीवर एवढ्या इंजिनाचा खर्च निघणं कठीण. ट्रक बनवणाऱ्या रॅमने 2025 च्या ट्रकमधून 5.7 लिटरचं हेमी नावाचं व्ही-8 काढलं आणि 2026 ला परत आणलं. म्हणजे व्ही-8 उद्या संपत नाही, पण त्याचं नशीब ट्रकवाल्या गिऱ्हाइकाच्या हातात आहे.

डॉजच्या नव्या चार्जर या मसल कारमधलं 3 लिटरचं, सहा सिलिंडरचं, दोन टर्बोंचं हरिकेन इंजिनही असंच आलं : 2022 मध्ये आधी जीपच्या वॅगोनिअर या मोठ्या एसयूव्हीमध्ये, मग चार्जरमध्ये. मला तर ही 1964 चीच रीत वाटते. चार्जरमध्ये ते 420 आणि 550 हॉर्सपॉवरचं मिळतं, जुन्या 6.4 लिटरच्या हेमीची ताकद 485 होती. एका ओळीतले सहा सिलिंडर स्वभावतःच समतोल असतात, थरथर कमी करणारा वेगळा बॅलन्स शाफ्ट लागत नाही. प्रत्येक टर्बोच्या वाट्याला तीनच सिलिंडर येतात, त्यामुळे एक्झॉस्टचे झोत एकमेकांच्या आड येत नाहीत आणि टर्बो लवकर जागा होतो. 'सहा सिलिंडर म्हणजे मसल कारच नव्हे' म्हणणाऱ्यांना मी 1987 ची ब्युइक जीएनएक्स आठवायला सांगतो : 3.8 लिटरचं टर्बो व्ही-6, कागदावर 276 हॉर्सपॉवर, आणि त्या काळातल्या बहुतेक व्ही-8 ना मागे टाकणारी.

आवाजाचं दुःख मात्र खरं आहे. क्रॉसप्लेन क्रँकच्या (पिस्टन फिरवणाऱ्या दांड्याचे खटके 90 अंशांवर मांडलेल्या) व्ही-8 मध्ये प्रत्येक बाजूच्या चार सिलिंडरांचे स्फोट असमान अंतराने होतात, त्यातून ती गडगड येते. सहा सिलिंडरांत दर 120 अंशांना एक स्फोट, म्हणून सूर एकसंध. मी मिशिगनला राहतो. ऑगस्टमध्ये वुडवर्ड ड्रीम क्रूझ या गाड्यांच्या मेळाव्याला रस्त्याकडेला उभं राहिलं की ती गडगड छातीत जाणवते, आणि तिची भरपाई कुठलाही स्पीकर करत नाही. ज्याला तीच हवी आहे त्याने मस्टँग जीटी आजच घ्यावी, थांबू नये.

इलेक्ट्रिक चार्जर डेटोना स्कॅट पॅकची ताकद 670 हॉर्सपॉवरपर्यंत जाते, पण वजन 2,600 किलोच्या पुढे. सरळ रस्त्यावर पाठ सीटला चिकटते. वळणावर आणि ब्रेकवर ते वजन लपत नाही. बॅटऱ्या हलक्या होईपर्यंत माझं मन तिकडे वळत नाही. त्यापेक्षा छोट्या बॅटरीचं हायब्रिड मला जास्त पटतं. कॉर्व्हेट ई-रेमध्ये पुढच्या चाकांना 160 हॉर्सपॉवरची मोटर आहे आणि बॅटरी जेमतेम 1.9 किलोवॅट-अवरची. मसल कारमध्ये अशी जोडणी आली तर मला मनापासून आनंद होईल.

आता डेन्व्हर. तुमचं शहर सुमारे 1,600 मीटर उंचीवर. तिथली हवा समुद्रसपाटीपेक्षा 15 टक्क्यांहून जास्त विरळ, त्यामुळे मस्टँगचे 480 हॉर्सपॉवर तुमच्याकडे 400 च्या आसपासच उरतात. टर्बो मात्र विरळ हवाही दाबून आत भरतो, म्हणून त्याची घट बरीच कमी. आय-70 महामार्गावरून आयझेनहॉवर बोगद्याकडे चढताना तुम्ही 3,400 मीटरपर्यंत जाता. तिथे टर्बो नसलेल्या इंजिनाची जवळजवळ 30 टक्के ताकद गेलेली असते. डीलरने परवानगी दिली तर टेस्ट ड्राइव्ह शहरात घेऊ नका, मस्टँग आणि सहा सिलिंडरचा चार्जर, दोन्ही गाड्या त्याच चढावर न्या.