आत्यासाठी ॲप बनवलं, पण ई-बुकला लॉक आहे

प्रश्न: मॅडम, मी सिडकोत राहतो, नाशिक. माझ्या आत्याला आता दिसत नाही, पण वाचनाचं वेड तेच, सावानाची, म्हणजे इथल्या सार्वजनिक वाचनालयाची, जुनी मेंबर. तिच्यासाठी मी ॲप बनवलंय, पुस्तकाची फाइल टाकली की मोठ्याने वाचून दाखवतं. स्कॅन केलेलं सगळं चालतं, पण विकत घेतलेल्या ई-बुकला लॉक असतं, तिथे ॲप गप्प आणि आत्या फोन कानाला लावून बसलेली. लॉक काढायचा कोड मला जमलाय. मित्र म्हणतो जेलमध्ये जाशील. मला तर हे ॲप सगळ्यांना फुकट द्यायचंय, त्यात थोडी मराठी पुस्तकंही टाकून. काय करू?

उत्तर: आधी आत्याचं बघू, कारण तिच्या बाजूने कायदा खरंच चांगला आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ ला दुरुस्ती झाली, तेव्हापासून कलम ५२ प्रमाणे दिव्यांग माणसाला वाचता-ऐकता येईल अशा रूपात पुस्तक करून देणं हा कॉपीराइटचा भंग धरत नाहीत, आणि ते कोणीही करून देऊ शकतं, भाचासुद्धा. याच विषयावरचा माराकेश करार २०१४ मध्ये सगळ्यात आधी मंजूर केला तो भारताने, मला याचा फार अभिमान वाटतो.

आता लॉक. त्याच दुरुस्तीत कलम ६५अ आलं, हक्क मोडायच्या इराद्याने लॉक तोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. इराद्याने हा शब्द नीट बघा, कायद्याने ज्याला मनाई नाही अशा कामासाठी लॉक काढलं तर हे कलम आड येत नाही, म्हणजे आत्याच्या स्वतःच्या विकतच्या पुस्तकाचं लॉक काढलंत म्हणून तुम्ही गुन्हेगार होत नाही असं माझं स्पष्ट मत आहे. पण दुसऱ्याला लॉक काढायला मदत केली की त्या माणसाचं नाव, पत्ता आणि कशासाठी काढलं याची पूर्ण नोंद तुम्हाला ठेवावी लागते. ॲप हजार लोकांनी उतरवून घेतलं तर ही वही कोण लिहिणार? शिवाय अमेरिकेत १९९८ च्या कायद्याने असं टूल वाटायलाच मनाई आहे, आणि ॲप स्टोअर तिथल्याच कंपन्यांची. म्हणून सगळ्यांना द्यायच्या ॲपमधून तो कोड काढून टाका, अगदी लपवूनसुद्धा ठेवू नका. आणि फाइल ज्याच्या त्याच्या फोनमध्येच राहू दे, तुमच्या सर्व्हरवर एकही कॉपी नको, एकदा का ती तिथून वाटली जायला लागली की कलम ६३, सहा महिने ते तीन वर्षं.

पुस्तकं टाकायची तर लेखक जाऊन साठ वर्षं झालेली हवीत, आणि ती मोजायची पुढच्या १ जानेवारीपासून. आपले तात्यासाहेब शिरवाडकर १९९९ ला गेले, म्हणजे त्यांचं लेखन २०५९ संपेपर्यंत सगळ्यांसाठी खुलं नाही. साने गुरुजी १९५० ला गेले, त्यांची पुस्तकं बिनधास्त टाका, फक्त नव्या आवृत्तीतली प्रस्तावना आणि चित्रं सोडून, ती दुसऱ्यांची असतात.

आणि प्रकाशकाला एक साधं पत्र टाकून बघा, आत्याच्या दिव्यांग सर्टिफिकेटची झेरॉक्स जोडा आणि बिनालॉकची फाइल मागा.