पोर्टलवरचा डी आणि आर्मीची स्कॉलरशिप

प्रश्न : ताई, आम्ही न्यू जर्सीत राहतो. मुलगा बारावीत आहे, जन्म इथलाच. फेब्रुवारीत त्याला आर्मी आरओटीसीची, म्हणजे कॉलेज शिकता शिकता लष्करी अधिकारी घडवणाऱ्या कार्यक्रमाची, चार वर्षांची स्कॉलरशिप मिळाल्याचं पत्र आलं. घरी पेढे वाटले, साताऱ्याला फोन केला. सासरे फौजेत सुभेदार होते, ते फोनवरच रडले. आणि काल रात्री शाळेच्या पोर्टलवर पाहिलं तर एपी कॅल्क्युलसमध्ये, म्हणजे कॉलेजच्या पातळीच्या गणितात, डी ग्रेड, जेमतेम पास. मुलगा म्हणतो, "आई, कुणाला सांगू नकोस, जूनपर्यंत सावरतो." यांचं म्हणणं, विषयच सोडून टाकावा, म्हणजे ट्रान्सक्रिप्टवर, शाळेच्या गुणपत्रकावर, डाग नको. माझी झोप उडाली आहे. स्कॉलरशिप जाईल का हो?

उत्तर : एका डीमुळे ती जाण्याची शक्यता कमी आहे. लपवाछपवीमुळे मात्र जाऊ शकते. म्हणून मुलाचं "सांगू नकोस" आणि तुमच्या यांचं "सोडून टाक", दोन्ही आज बाजूला ठेवा.

आपल्या मनात स्कॉलरशिप म्हटलं की चौथी-सातवीची परीक्षा असते. पेपर दिला, यादीत नाव आलं, झालं. ते कुणी काढून घेत नाही. आरओटीसीचं पत्र तसं नसतं. ती अटींवर दिलेली ऑफर आहे. हायस्कूल पूर्ण व्हायला हवं, पत्रात ज्या कॉलेजचं नाव आहे तिथला प्रवेश टिकायला हवा, संरक्षण खात्याची वैद्यकीय तपासणी पास व्हायला हवी, शारीरिक चाचणी जमायला हवी. हे सगळं जुळलं की कॉलेजात गेल्यावर करारावर सही होते, आणि तिथून स्कॉलरशिप खऱ्या अर्थाने त्याची. आर्मीची किमान जीपीएची, म्हणजे ४ पैकी सरासरी ग्रेडची, अट २.५ आहे आणि ती सगळ्या हायस्कूलची मिळून. स्कॉलरशिप मिळवणारा मुलगा एका सेमिस्टरच्या एका डीने तिच्याखाली सहसा जात नाही.

डी बाधतो तो दुसरीकडे. एक म्हणजे हायस्कूल पूर्ण करायला लागणारं गणिताचं क्रेडिट याच वर्गावर अडलेलं आहे का, हे पाहायला हवं. बहुतेक मुलांचं अकरावीपर्यंतच झालेलं असतं, तरी काउन्सेलरला विचारून खात्री करा. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे, ते कॉलेजच्या प्रवेशाचं. प्रवेशाच्या पत्रात साधारण एक वाक्य असतंच, की वर्षाचा शेवटही आतापर्यंतच्याच दर्जाचा असावा. जूनमध्ये शाळेकडून अंतिम ट्रान्सक्रिप्ट जातो आणि कुणीतरी तो खरोखर उघडून वाचतं. प्रवेशच मागे घेतला गेला तर स्कॉलरशिपला उभं राहायला जागा उरत नाही, कारण ती त्या कॉलेजशी बांधलेली असते. तेव्हा आज संध्याकाळी दोन्ही पत्रं टेबलावर ठेवा, आरओटीसीचं आणि कॉलेजचं. मुलाला मोठ्याने वाचू द्या आणि अटींच्या ओळींखाली पेन्सिलीने रेघ मारा. पेढ्यांच्या गडबडीत ती पानं कुणी नीट वाचलेली नसतात, हा माझा अनुभव आहे.

आता विषय सोडण्याबद्दल. यांची काळजी मला कळते, पण विचारल्याशिवाय काही सोडू नका. कॅल्क्युलस घेतोय हे अर्जात लिहिलेलं आहे आणि ते बघूनच निवड झालेली आहे. आता मध्येच सोडलं तर तो अर्जातला बदल ठरतो, आणि मुदत उलटून गेल्यावर सोडलं तर बऱ्याच शाळा ट्रान्सक्रिप्टवर तशी नोंदही करतात. म्हणजे डाग टाळायला गेलो आणि वेगळा डाग लागला. एपीमधून साध्या कॅल्क्युलसमध्ये किंवा स्टॅटिस्टिक्समध्ये जाण्याची सोय शाळेत असेल आणि काउन्सेलरलाही ते योग्य वाटत असेल, तर जरूर जा. फक्त आधी कॉलेज आणि आरओटीसी दोघांचा लेखी होकार घ्या.

सांगायचं कुणाला? त्या कॉलेजच्या आरओटीसी बटालियनमध्ये भरतीचं काम बघणारा अधिकारी असतो, ज्याला सगळे आरओओ म्हणतात. एक मेल त्याला, एक कॉलेजच्या प्रवेश कार्यालयाला. आणि हे मेल मुलाने लिहायचे. तुम्ही नाही, यांनी नाही. आपल्या लोकांची ही सवय मी पाहते. मुलगा अठराचा होत आला तरी त्याच्या वतीने आईच लिहिते, आईच फोन करते. इथे त्याने उलटाच परिणाम होतो. चार वर्षांनी हाच मुलगा सेकंड लेफ्टनंट होईल आणि तीस-चाळीस सैनिकांची प्लाटून त्याच्या हाताखाली येईल. त्या अधिकाऱ्याला त्याचाच आवाज ऐकायचा आहे.

मेल लहान हवा. मला एपी कॅल्क्युलसमध्ये सध्या डी आहे. कारण अमुक आहे. मी या आठवड्यापासून हे हे करतो आहे. अमुक तारखेला पुन्हा कळवेन. तोवर माझ्याकडून आणखी काही हवं असल्यास सांगावं. बस, एवढंच. शिक्षकांची तक्रार नको, वर्ग किती अवघड आहे याचं वर्णन नको, अजीजी तर नकोच. वेस्ट पॉइंट या लष्करी अकादमीतल्या कॅडेटचा ऑनर कोड एका वाक्याचा आहे : खोटं बोलणार नाही, फसवणार नाही, चोरणार नाही, आणि असं करणाऱ्याला खपवूनही घेणार नाही. आरओटीसीतही त्याच मुशीतले अधिकारी असतात. वाईट ग्रेड त्यांनी खूप पाहिलेल्या असतात. स्वतःहून येऊन सांगणारा मुलगा त्यांच्या लक्षात राहतो.

हे इतक्या ठामपणे लिहिते, कारण आमच्या घरी उलटं घडलं. माझ्या भाच्याला बारावीत केमिस्ट्रीत एफ मिळाला. आम्ही सगळ्या मोठ्यांनी मिळून ठरवलं, आता विषय काढायचा नाही, ट्रान्सक्रिप्ट कोण बघतंय. जुलैत कॉलेजचं पत्र आलं. आधी सांगितलं असतं तर समर स्कूलचा मार्ग होता, हे त्यांनीच नंतर फोनवर सांगितलं. पण तोवर समर स्कूलचे वर्ग संपत आले होते. त्या मुलाची चूक एका विषयाची होती. बाकीची आमची.

आता प्रत्यक्ष कॅल्क्युलसकडे वळू, कारण मेलने ग्रेड सुधारत नाही. पोर्टल पुन्हा उघडा आणि डी कशाने झाला ते बघा. परीक्षांमुळे की न दिलेल्या गृहपाठांमुळे? समजा सारख्या वजनाच्या दहा नोंदी आहेत. आठांत ८० आणि दोन दिलेच नाहीत म्हणून शून्य. सरासरी येते ६४, म्हणजे डी. तेच दोन गृहपाठ उशिरा देऊन प्रत्येकी ७० मिळाले तर सरासरी ७८. नवीन काही न शिकता मुलगा सीमध्ये आला. म्हणून पहिला प्रश्न शिक्षकांना हा, की राहिलेलं काम अजून घ्याल का? हाही त्यानेच, वर्गाआधी जाऊन, समोर उभं राहून विचारायचा.

शून्य नसतील आणि परीक्षेतच मार्क जात असतील, तर मागचे दोन पेपर घेऊन बसा आणि प्रत्येक गेलेल्या मार्कापुढे कारण लिहा. साइन ३एक्सचं डेरिव्हेटिव्ह काढताना बाहेरचे ३ विसरला, तर ते कॅल्क्युलस कच्चं. पण पुढच्या ओळीत अपूर्णांकांची बेरीज चुकली, कंस सोडवताना उणे चिन्ह हरवलं, तर ते नववी-दहावीचं अल्जेब्रा कच्चं. मी पाहिलेल्या मुलांत दुसऱ्या प्रकारचेच मार्क जास्त गेलेले होते. त्याला महागडा कॅल्क्युलस ट्यूटर लागत नाही, रोज वीस मिनिटं जुनी उदाहरणं लागतात. आणि यांनी रात्री शिकवायला बसावं का? पंधरा मिनिटांत आवाज चढत असेल तर नको. शाळेतल्या मदतीच्या तासाला जाऊ दे, किंवा वर्गातल्या एखाद्या मित्राबरोबर बसू दे.

मे महिन्यातल्या एपी परीक्षेची फार धास्ती घेऊ नका. तिचा गुण जुलैत वेगळा येतो, वर्गातली ग्रेड त्यावर ठरत नाही. पण मुलाला इंजिनीअरिंग घ्यायचं असेल तर सप्टेंबरमध्ये हाच कॅल्क्युलस पुन्हा दारात उभा राहणार आहे. ज्या वाचकांची मुलं नेव्हीच्या आरओटीसीत जात आहेत त्यांनी तर हे मनावर घ्यावं, कारण तिथे नेव्ही ऑप्शनच्या मुलांना कॅल्क्युलस आणि फिजिक्स दोन्ही पूर्ण करावंच लागतं. वेस्ट पॉइंट आणि अ‍ॅनापोलिसच्या नौदल अकादमीत मुख्य विषय कुठलाही असो, कॅल्क्युलस सुटत नाही. त्यामुळे डीचा सी झाला तरी उन्हाळ्यात कम्युनिटी कॉलेजात प्रीकॅल्क्युलसचा एक वर्ग करून घेणं वाया जाणार नाही.

दोन गोष्टी ओझरत्या सांगते. अभ्यासात लक्ष लागत नाही म्हणून घाईने एडीएचडीचं औषध सुरू करण्याचा सल्ला कुणी देईल. मुलाला खरोखर त्रास असेल तर डॉक्टरांकडे जाच, तब्येत आधी. पण अलीकडे घेतलेल्या अशा औषधांमुळे लष्कराच्या वैद्यकीय तपासणीत प्रश्न येतो आणि वेव्हर, म्हणजे खास सूट, मागावी लागते, हे माहीत असू द्या. आणि घेतलेलं औषध फॉर्मवर लपवू नका. दुसरी गोष्ट ओसीआयची, म्हणजे परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना भारत सरकार देतं त्या कार्डाची. परदेशी सैन्यात असलेल्या किंवा निवृत्त झालेल्या व्यक्तीला भारत सरकार ओसीआय देत नाही. मुलाकडे ते कार्ड असेल तर कमिशन, म्हणजे सैन्यातलं अधिकारीपद, घेण्याआधी वकिलातीत विचारून घ्या, पुढे आजी-आजोबांना भेटायला जाताना अडचण नको.

पैशांचं गणितही शांतपणे मांडून ठेवा. आज हातात काय आहे? पूर्ण ट्यूशन किंवा राहण्या-जेवणाचा खर्च, पुस्तकांसाठी वर्षाला १,२०० डॉलर, करार झाल्यावर महिन्याला ४२० डॉलर. फॅफ्सा, म्हणजे कॉलेजसाठी सरकारी आर्थिक मदतीचा अर्ज, भरला नसेल तर या आठवड्यात भरा. समजा ही स्कॉलरशिप गेलीच, तरी आरओटीसीचं दार बंद होत नाही. कॉलेजात गेल्यावर तीन किंवा दोन वर्षांच्या स्कॉलरशिपसाठी तिथल्या बटालियनमार्फत पुन्हा अर्ज करता येतो. हे मुलाला आजच सांगा. घाबरलेला मुलगा लपवतो, आणि तुमचा मुलगा आत्ता घाबरलेला आहे. सुभेदाराचा नातू म्हणून त्याच्या पाठीवर किती ओझं आलं असेल, याचाही विचार करा.

सासऱ्यांचं तुम्ही विचारलं नाहीत, पण तुमच्या पत्रात ते मला सारखे दिसत राहिले. त्यांच्यापासून लपवू नका. काय घडलं ते वरच्याला वेळेत रिपोर्ट करायचं, हे त्यांनी उभी नोकरी केलंय आणि हाताखालच्या जवानांना शिकवलंय. सोमवारी सकाळी शाळेला निघण्यापूर्वी दोन्ही मेल जाऊ द्या, मग फोन मुलाच्याच हातात द्या. साताऱ्यात तेव्हा संध्याकाळचे पाच वाजत असतील, आजोबा चहा घेत बसलेले असतील.